पाणमांजरावरून होणारा वाद काठावरच कसा सोडवावा

इंदूरहून रविवारी पहाटे निघून बडवाहकडे नर्मदेवर गळ टाकायला जाणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत पाणमांजराचा विषय निघाला की सकाळ हातची जाते. एक जण म्हणतो की त्यांनी अख्खा डोह साफ केला. दुसरा म्हणतो की नदी त्यांचीच आहे, आपण पाहुणे. मग आवाज चढतात आणि पुढचे दोन महिने ती दोन माणसे एका गाडीत बसत नाहीत. मी हा वाद वीसेक वर्षे पाहत आलो आहे. माझे मत असे झाले आहे की भांडण पाणमांजरावरून दिसत असले, तरी मूळ प्रश्न आपण मासे कशासाठी धरतो हा असतो, आणि तो कोणी विचारत नाही म्हणून तोडगा निघत नाही. आपल्या गटात अशी वेळ आली तर ती कशी हाताळावी, हे अनुभवातून लिहितो.

आधी पुरावा पाहावा, मत नंतर मांडावे. एकदा हिवाळ्यात आम्ही मासे जिवंत राहावेत म्हणून जाळीची थैली रात्रभर पाण्यात सोडून ठेवली होती. सकाळी थैली खालून फाटलेली होती आणि आत दोन रोहू पोटाकडून कुरतडलेले पडले होते. गटातल्या एका ज्येष्ठ काकांनी लगेच पाणमांजराला दोषी ठरवले आणि मीही मान डोलावली. शेजारी नाव दुरुस्त करत बसलेल्या केवट दादांनी थैली उलटी करून भोक दाखवले, आसपासच्या ओल्या वाळूत पाणमांजराचे एकही पाऊल उमटलेले नसल्याचे दाखवले, आणि हे कासवाचे काम आहे असे शांतपणे सांगितले. त्या दिवसापासून मी ठसा पाहिल्याशिवाय बोलत नाही.

ठसा ओळखणे अवघड नाही. पाणमांजराच्या पावलाला पाच बोटे असतात आणि मऊ चिखलात बोटांमधल्या पडद्याची पुसट कडही उमटते. कुत्र्याच्या ठशात चारच बोटे दिसतात. पाणमांजरे पाण्यालगतच्या एखाद्या खडकावर किंवा वाळूच्या उंचवट्यावर पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतात. ती काडीने उकलून पाहिली तर खवले आणि बारीक काटे चकाकताना दिसतात, आणि मासळीचा उग्र वास हातभर अंतरावरूनही येतो. पाणकावळा मात्र मासा अख्खाच गिळतो, त्यामुळे मागे अर्धवट खाल्लेला मासा सापडला तर त्याचा आळ पाणकावळ्यावर घेता येत नाही.

त्यानंतर हिशेब मांडावा, आणि तो दोन्ही बाजूंनी प्रामाणिक असावा. आपल्याकडच्या नद्यांत मुख्यतः आढळणाऱ्या पाणमांजराचे वजन साधारण ७ ते ११ किलो भरते आणि ते दिवसाला सुमारे किलोभर मासे खाते. पाच जणांचे कुटुंब असेल तर रोजचे पाच किलो झाले. म्हणजे ‘ते काहीच खात नाही’ असे म्हणणारेही चुकतात. पण हे कुटुंब नदीचा काही किलोमीटर लांबीचा पट्टा फिरत असते, एका डोहाला चिकटून बसत नाही, आणि हाती लागेल तो मासा खाते. आपल्याला हव्या असलेल्या मोठ्या माशासाठी ते अडून राहत नाही.

आता खरा प्रश्न विचारण्याची वेळ येते, आणि तो प्रत्येकाला वेगवेगळा विचारावा: तुमचे नेमके काय गेले? घरी कालवणाला नेण्यासाठी मासे धरणारा माणूस किलोंमध्ये उत्तर देतो. मोठा मासा धरून, फोटो काढून परत सोडणाऱ्याचे दुःख निराळे असते. वर्षानुवर्षे ज्या एका माशाची वाट पाहिली तोच गेल्याची त्याला भीती वाटते. तिसरा असतो तो पाण्याकाठी चार तास शांत बसायला येतो, आणि त्याच्या दृष्टीने समोरून पाणमांजर पोहत गेले तर तो दिवस सार्थकी लागला. ही तिन्ही माणसे एकाच काठावर बसतात, तोच गळ आणि त्याच कणकेच्या गोळ्या वापरतात, म्हणून आपले मूल्यही एकच आहे असे गृहीत धरतात. तसे ते नसते. हे एकदा मोठ्याने बोलले गेले की समोरचा माणूस मूर्ख किंवा क्रूर आहे असे वाटणे बंद होते. चौथा माणूस त्या चर्चेत सहसा नसतोच, आणि त्याला मुद्दाम बोलवावे: जाळे टाकून पोट भरणारा केवट किंवा कहार. आमचे नुकसान हौसेचे असते, त्याचे संसाराचे. त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे, असा माझा आग्रह आहे.

वाद वाढला की कोणी तरी इंग्लंडचा दाखला देतो, म्हणून तिथे काय घडले ते नीट माहीत असावे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांमुळे तिथली पाणमांजरे झपाट्याने कमी झाली; १९७८ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले; घातक रसायने बंद झाली, नद्या सुधारल्या, १९८३ पासून काही पाणमांजरे पाळून निसर्गात सोडली गेली; आणि २०११ मध्ये केंटमध्येही त्यांच्या खुणा सापडल्यावर इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीत ती परतल्याचे जाहीर झाले. तिथल्या गळ टाकणाऱ्यांचा राग मुख्यतः बंदिस्त तळ्यांत वाढवलेल्या मोठ्या कार्प माशांसाठी आणि नद्यांतल्या बार्बेल माशांसाठी आहे. त्यांतल्या काही कार्पना नावे असतात, लोक त्यांना खवल्यांच्या ठेवणीवरून ओळखतात, आणि असा मासा काठावर अर्धा खाल्लेला सापडला तर होणारे दुःख मला खोटे वाटत नाही. पण ते दुःख उचलून नर्मदेवर आणून ठेवणे चूक आहे.

कारण नर्मदेतली खरी हानी बाडस, म्हणजे महाशीर माशाची झाली आहे. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. या माशाला वाहते, स्वच्छ पाणी आणि अंडी घालण्यासाठी दगडगोट्यांचा तळ लागतो, आणि पावसाळ्यात तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला चढतो. इंदिरासागर धरण २००५ मध्ये आणि ओंकारेश्वर धरण २००७ मध्ये सुरू झाले, वाहत्या नदीच्या जागी साचलेले पाणी आले, आणि वाळूच्या उपशाने तळही खरवडला गेला. पाणमांजर आणि बाडस हजारो वर्षे याच नदीत एकत्र राहिले आहेत. गटात कोणी डोह रिकामा झाल्याचे सांगितले तर त्याला धरणाचे पाणी कधी सोडले गेले आणि वरच्या बाजूला वाळू किती निघाली, हे आधी विचारावे.

शेतात तळे खोदून मत्स्यबीज सोडणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचे पैसे पाण्यात असतात आणि त्याला निसर्गप्रेमाचे व्याख्यान देणे अन्यायाचे आहे. त्याला कुंपण सुचवावे: चार-साडेचार फूट उंच तारेची जाळी, तिची भोके दोन इंचांपेक्षा लहान, आणि खालची कडा फूटभर बाहेरच्या अंगाला दुमडून जमिनीत पुरलेली, कारण पाणमांजर खालून उकरते. घरातली वीज तारेत सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तिथल्या तिथे थांबवावे. त्यात माणसे आणि गुरेही मरतात. सापळा आणि विष यांचा तर विषयच नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ ची दुरुस्ती झाल्यापासून आपली पाणमांजरे पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांना मारल्यास किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. हे धमकीच्या सुरात सांगू नये. रागाच्या भरात माणूस काय करून बसेल ते थांबवण्यासाठी माहिती म्हणून सांगावे.

सगळे बोलून झाल्यावर गटाने स्वतःवर घालून घ्यायचे नियम वहीत लिहून काढावेत. आमच्या वहीत चारच आहेत. १६ जून ते १५ ऑगस्ट या बंदीच्या काळात कोणी गळ टाकणार नाही. बाडस लागला तर ओल्या हाताने धरून, शक्यतो पाण्याबाहेर न काढता सोडायचा. माशांची थैली रात्री पाण्यात ठेवायची नाही. आणि तुटलेला नायलॉनचा दोरा काठावर न टाकता घरी आणायचा, कारण त्यात पाणमांजराचे पिल्लूही अडकते आणि कासवही. ही वही गाडीतच ठेवावी, आणि ठसा किंवा विष्ठा दिसली की तारीख व जागा तिच्यात टिपावी. पुढच्या वेळी वाद निघेल तेव्हा आधी ती पाने उघडावीत.