तरण्या पावसात चिखलात उतरण्याआधी पायाच्या बेचक्या बघा

शेतकरी बंधू-भगिनींनो, पुनर्वसूचा तरणा पाऊस लागला आहे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड आणि पन्हाळ्याचा पश्चिम भाग, या कोल्हापूर जिल्ह्याच्या सगळ्या पट्ट्यात आता रोप लावण उरकेपर्यंत कुणाचा पाय कोरडा राहणार नाही. एरवी मी करपा, खोडकिडा, हुमणी यांवर लिहितो. तेही खाली थोडक्यात आहे. पण आज आधी पायाचं वाचा. कारण गेल्या काही वर्षांत किडीनं गेलेली भातं मी जेवढी पाहिली, जवळजवळ तेवढीच भातं पायापायी गेलेली पाहिली आहेत.

पन्हाळ्याकडचे एक शेतकरी. दीड एकर भात, रोप बावीस दिवसांचं, अगदी लावणीला आलेलं. करंगळीच्या बेचकीत चिखल्या झाल्या होत्या. "पावसाळ्यात असतंयच की," म्हणून चार दिवस तसेच चिखलात उभे राहिले. पाचव्या दिवशी पाऊल सुजून तांबडंलाल झालं, जांघेत अवधाण (गाठ) आलं, रात्री हुडहुडी भरून ताप चढला. नऊ दिवस दवाखान्यात गेले. तोवर पैऱ्याची (आळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबणारी) माणसं आपापल्या रानात निघून गेली. हे घरी आले तेव्हा तरव्यात (रोपवाटिकेत) रोप कांड्यावर आलेलं. पुन्हा माणसं जमेपर्यंत रोपानं दिवसांची चाळिशी ओलांडली, तेच लावलं, फुटवे आलेच नाहीत, उतारा निम्म्याच्याही खाली गेला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी दोन बोटं फाकवून दाखवली. भिजत घातलेल्या पोह्यासारखी पांढरी कातडी, आणि तळाशी दाभणानं ओढल्यासारखी एक चीर. दीड एकराचं पीक त्या चिरेतून गेलं.

चिखल्या चिखलानं होत नाहीत, ओलीनं होतात. चिखल नुसता नावाला. आठ-आठ तास पाण्यात राहिलं की कातडी फुगते, मऊ पडते, आणि बोटाला बोट घासून सोलते. संध्याकाळी आपण पाय धुतो, वरवर पुसतो आणि बेचक्या ओल्याच ठेवून झोपतो. बुरशीला एवढंच हवं असतं. खाज, वास, पापुद्रे सुटणं ही तिची लक्षणं. पुढे त्याच चिरेतून जंतू आत शिरले की पाय सुजतो. करंगळीची बेचकी सगळ्यात आधी जाते, कारण तिथं बोटं सगळ्यात जास्त चिकटलेली असतात आणि वारा लागत नाही.

म्हणून दोन पायांच्या मिळून आठ बेचक्या दिवसातून दोनदा कोरड्या करायच्या. दुपारी भाकरी खाताना एकदा आणि रात्री निजताना एकदा. जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं फडकं घ्या, बोटं फाकवा, फडकं बेचकीतून आरपार ओढून घ्या. दुपारी बांधावर अर्धा तास पाय उघडे पसरून बसा. पाय धुवायला खत टाकलेल्या वाफ्यातून वाहणारं पाणी नको, बाटलीतून स्वच्छ पाणी न्या. रात्री साबणानं धुतल्यावर शेकोटीला पाय लावून कोरडे करायची सवय असेल तर ती सोडा. बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही.

लावणीच्या बायकांना एक वेगळं सांगायचं आहे. जोडवी आणि मासोळ्यांखाली पाणी साचून राहतं. वरून पाय कोरडा दिसतो आणि जोडव्याखाली कातडी कुजत असते. रात्री जोडवी पुढे सरकवून त्याखालची कातडी धुवा, पुसा. बोट सुजायला लागलं तर त्याच दिवशी जोडवी काढा. नंतर ती निघत नाहीत, कापावी लागतात. सासू रागावेल म्हणून बोट गमावू नका.

सकाळी पाण्यात उतरण्याआधी, कातडी धड असेल तर, पावलाला आणि बोटांना खोबरेल किंवा व्हॅसलीनचा हात फिरवा. करंजाच्या तेलानं चिखल्या कमी होतात असा माझा अनुभव आहे. त्याला प्रयोगाचा आधार माझ्याजवळ नाही, पण वर्षानुवर्षं ते लावणारी घरं पाहिली आहेत आणि त्यांचे पाय बरे असतात. लावणीच्या आदल्या रात्री बेचक्यांत मेंदी भरायची जुनी रीतही मला चांगली वाटते. मेंदी पाल्याची हवी, पुडीतली काळी नको. रात्री मात्र बेचकीत तेल घालू नका. तेल टाचेला, बेचकी कोरडी.

आता औषधाचं. खाज आणि पापुद्रे असतील तर क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम, दिवसातून दोनदा, कोरड्या बेचकीत पातळ थर. पाय बरा दिसायला लागल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं, म्हणजे एकूण साधारण चार आठवडे. आपली चूक इथेच होते. चार दिवसांत खाज थांबली की ट्यूब फळीवर जाते आणि पुष्य नक्षत्रात सगळं पुन्हा सुरू होतं. व्हिटफिल्डचं जुनं मलमही चालतं, पण ते चिरेवर लावू नका, फार झोंबतं. बेचकीतून पाणी गळत असेल तर आधी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा. बादलीत दोन-तीन बारीक खडे पुरे, पूर्ण विरघळवून पाणी फिकट गुलाबी झालं पाहिजे. जांभळं झालं तर जास्त झालं, आणि न विरघळलेला खडा कातडीला लागला तर भाजतो. नंतर परत बेचक्या पुसायच्या, हे सांगायला नको.

औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं "चिखल्यावर काहीतरी द्या" म्हणू नका. कृषी केंद्रात "पिवळं पडलंय" म्हटलं की जसं टॉनिक, बुरशीनाशक आणि कीटकनाशक असं तीन डब्यांचं कॉकटेल गळ्यात पडतं, तसंच इथं चार औषधं एकत्र केलेली महाग ट्यूब मिळते. तिच्यात जोरदार स्टेरॉइड असतं. दुसऱ्याच दिवशी खाज थांबते, म्हणून माणूस खूश होतो. आतून बुरशी मोकाट पसरते, कातडी कागदासारखी पातळ होते आणि पायावरचा गजकर्ण जांघेपर्यंत चढतो. खोक्यावरची बारीक अक्षरं पोराकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यातलं एकही नाव दिसलं तर ट्यूब परत द्या. साधं क्लोट्रिमाझोल प्राथमिक आरोग्य केंद्रात मागून बघा, जनऔषधी दुकानात ते स्वस्त मिळतं.

या पंधरवड्याची शेतातली कामं :

भात : रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की लावण, एका चुडात २-३ रोपं, अंतर २० × १५ सेंमी, खत हेक्टरी १००:५०:५० नत्र-स्फुरद-पालाश, नत्र विभागून.
सोयाबीन, भुईमूग : पाणी साचू न देणे, वाफसा येताच कोळपणी, भुईमुगाला आऱ्या सुटायच्या आत.
ऊस : सरीतलं पाणी काढणे, आडसाली लागणीची तयारी, लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट.
हुमणी : कडुनिंब, बाभळीवर भुंगेरे अजून दिसत असतील तर रात्री झाडं हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकणे.
फवारणी : पावसाची उघडीप बघूनच, चिखल्या झालेल्या अनवाणी पायानं अजिबात नको.

शेवटच्या ओळीचं कारण सांगतो. धड कातडी विषाला थोडी तरी अडवते, सोललेली कातडी अडवत नाही. पॅराक्वाटसारखं तणनाशक फाटलेल्या कातडीतून सरळ अंगात जातं आणि त्यावर उतारा नाही. पंप पाठीवर घ्यायचा तर पायात गमबूट हवा, आणि पँट गमबुटाच्या बाहेरून हवी. आत खोचली तर औषध ओघळून बुटात साचतं. भाताच्या चिखलात गमबूट रुततो, तिथं तो चालत नाही हे मला माहीत आहे. उसात, गोठ्यात आणि फवारणीला तो वापरा. उसात घोणसही असते. रोज रात्री बूट उलटा करून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. ओल्या बुटात आठ तास म्हणजे पाय पुन्हा पाण्यातच राहिला. कोल्हापुरी पायताण मात्र आता वर ठेवून द्या. चामडं भिजलं की दोन-दोन दिवस वाळत नाही, पायताणही जातं आणि पायही.

टाचांच्या भेगा लावणीत चिखल भरून दुखतात, पण त्या पडतात कोरड्या हवेनं. चामडी जाड आणि कोरडी होते, वजन पडलं की फाटते. रात्री कोमट पाण्यात पाय भिजवा, खरखरीत दगडानं हलक्या हातानं घासा, ओलसर असतानाच कोकमतेल किंवा मेण-तेल लावा. युरियाचं मलम मिळतं, १० ते २५ टक्क्यांचं, ते चांगलं काम करतं. पोत्यातला युरिया पाण्यात कालवून लावणारे मला भेटलेत, तसं करू नका. आणि बिब्बा तर नकोच. भेगेत बिब्बा भरल्यावर तो उतून गुडघ्यापर्यंत फोड आलेले मी पाहिले आहेत.

कुरूप हे दाबानं होतं. अरुंद चप्पल, एकाच जागी पडणारा भार. ब्लेडनं कोरू नका. ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिडची पट्टी कुरपापुरती कापून लावायची, आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन. साखर (मधुमेह) असलेल्यांनी ही पट्टी लावायची नाही. चप्पल बदलली नाही तर कुरूप परत येणारच.

काटा, बाभळीचा असो की उसाचं धसकट, त्याच दिवशी काढा आणि टीडीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन घ्या. शेवटचं घेऊन पाच वर्षं झाली असतील तर चिखलातल्या जखमेला पुन्हा लागतं. तेवढ्यासाठी आरोग्य केंद्रात एक चक्कर मारायला काय जातं?

तापाकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. बांधातले उंदीर पाण्यात मुततात आणि चिरा पडलेल्या पायातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू आत जातात. भातात उतरल्यापासून एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दाबल्या तर सहन न होणं, डोळे तांबडे होणं, यातलं काही दिसलं की "लावणीचा शीण" म्हणून गोळी खाऊन झोपू नका. डॉक्टरला सांगा की मी चिखलात काम करतो. हे एक वाक्य न सांगितल्यानं उपचार लांबतात. लेप्टोची लागण चालू असलेल्या गावात डॉक्टर आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात. ते त्यांनीच ठरवायचं. गरोदर बाईनं आणि लहान पोरांनी आपल्या मनानं ते घेऊ नये.

जनावरांच्या खुरांचंही तेच. गोठ्यात शेण-मूत साचलं की म्हशीच्या खुराची बेचकी कुजते, खुरसडा होतो, म्हैस पाय झटकते आणि दूध पडतं. बेचकी धुऊन, पुसून १० लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, ५ टक्के) विरघळवा आणि त्यात पाच-दहा मिनिटं खूर बुडवा. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडाच्या भांड्याला मोरचूद खातं. जनावर ते पाणी पिणार नाही हे बघा. मेंढ्यांना तांबं सोसत नाही, त्यांच्यासाठी १० टक्के झिंक सल्फेट वापरा. खुराबरोबर तोंडातही फोड आणि लाळ दिसली तर तो लाळ्या-खुरकूत आहे, जनावर वेगळं बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा. सहा महिन्यांनी येणारी फुकटची लस चुकवू नका. आणि मोरचूद माणसाच्या चिखल्यांवर लावायचं नाही. दर वर्षी कोणीतरी लावतंच.

शेवटी साखर असलेल्यांसाठी, आणि आता प्रत्येक वाडीत असे चार-दोन जण आहेतच. तुमच्या पायाला दुखत नाही, यात समाधान मानू नका. साखरेनं पायाची जाणीव जाते, काटा मोडून आत राहतो आणि चार दिवसांनी वास येतो तेव्हा घरच्यांना कळतं. रोज रात्री घरातल्या कोणाला तरी डोळे मिटून बसलेल्या तुमच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला हलकेच बोट लावू द्या. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं. दोन किंवा जास्त वेळा कळलं नाही तर यंदा चिखलात अनवाणी उतरायचं नाही, लावणीला माणूस घाला आणि डॉक्टरला पाय दाखवा. तळवा आरशात बघा. जखम काळी पडली, पाऊल गरम लागलं किंवा तांबडी रेघ वर चढताना दिसली तर रविवारची वाट न बघता त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा. रोप आणखी आठ दिवस तरव्यात थांबलं तरी चालेल.