श्रवणयंत्राचा आवाज बंद पडला, तर आधी हे बघा
कानामागचं यंत्र अचानक मुकं झालं, की दुरुस्तीला पाठवायच्या आधी मळ बघा. कानात बसणाऱ्या साच्याच्या टोकाचं छिद्र उजेडात धरा. पिवळसर बूच दिसलं, तर बहुधा तेच कारण. साचा नळीसकट यंत्रापासून सोडवून कोमट साबणपाण्यात धुवा. यंत्राला मात्र पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. नळीतलं पाणी हाताने दाबायच्या रबरी फुग्याने फुंकून काढा आणि साचा रात्रभर वाळू द्या. ओलावा राहिला तर आवाज अडखळतो.

मग बॅटरी. झिंक-एअर बॅटरी हवेवर चालते, म्हणून स्टिकर काढल्यावर ती मिनिटभर उघडी ठेवा, मगच बसवा. १३ नंबरच्या बॅटरीचा स्टिकर नारिंगी, ३१२ चा तपकिरी, ६७५ चा निळा. स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. रात्री यंत्राचं बॅटरीचं झाकण उघडं ठेवा.

शिट्टी वाजते? साचा नीट बसलेला नसतो, नाहीतर कानातच मळ साठलेला असतो. तो काडीने कोरू नका, आणखी आत जातो. डॉक्टरांकडून काढून घ्या.

यंत्रावरची लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. बोटं थरथरत असतील, तर रोजची साफसफाई घरातल्या कुणीतरी आपलं काम मानून करावी.

ऐकू येणंच एकाएकी कमी झालं असेल, तर यंत्राशी खटपट करत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा.