टीव्ही भिंतीवर लावायचाय? आधी भिंत ओळखा

ब्रॅकेट सहसा तुटत नाही. निसटते ती गिट्टी, म्हणजे स्क्रू पकडायला भिंतीतल्या भोकात बसवतात ती छोटी नळी, आणि तिच्यामागोमाग टीव्ही. ५५ इंची टीव्हीचं वजन साधारण १५ किलोच्या आसपास असतं, म्हणजे तांदळाच्या मोठ्या पिशवीपेक्षा फार जास्त नाही. पण ही पिशवी वर्षानुवर्षं चार स्क्रूंवर लटकणार असते. त्यामुळे बाजारात ब्रॅकेट बघायला जाण्याआधी आपली भिंत कशाची आहे ते बघा.

बोटांनी ठोकून थोडाफार अंदाज येतो, पण खरं सांगते ती ड्रिलची भुकटी. टीव्हीच्या मागे झाकलं जाईल अशा जागी ५ मिमीचं छोटं भोक पाडा. आधी पांढरी किंवा राखाडी भुकटी येईल, ती पुट्टी आणि प्लास्टरची. तिच्यावरून काही ठरवू नका, दीडेक सेंटिमीटर आत गेल्यावर काय येतं ते बघा. लाल भुकटी आली तर वीट. फिकट, पिठासारखी भुकटी आली आणि ड्रिल लोण्यात शिरावं तसं गेलं तर ब्लॉक, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला सिपोरेक्स म्हणतात तो. राखाडी भुकटी आणि ड्रिल जागचं हलत नाही, तर काँक्रीट. ते कॉलम किंवा बीम असू शकतं. नव्या टॉवरमध्ये तर बऱ्याचदा भिंतीच मायवान पद्धतीने साच्यात ओतलेल्या, अख्ख्या काँक्रीटच्या असतात.

विटेत ८ मिमीची चांगली नायलॉनची गिट्टी आणि ५० ते ६० मिमी लांब स्क्रू पुरतो. काँक्रीटमध्ये लोखंडी अँकर फास्टनर बसवा. मध्ये सळई लागली तर तिच्याशी कुस्ती खेळू नका, भोक इंचभर सरकवा. सिपोरेक्सची गोष्ट वेगळी. तिथे साधी गिट्टी किंवा फुगणारा लोखंडी फास्टनर घातला की ब्लॉक आतून भुगा होतो आणि स्क्रू नुसता गोल फिरत राहतो. ब्लॉकसाठी वेगळ्या लांब गिट्ट्या मिळतात, त्याच आणा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा. टीव्ही जड असेल तर आधी १८-१९ मिमीचा प्लाय आठ-दहा ठिकाणी भिंतीला घट्ट करून त्यावर ब्रॅकेट लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं. कोकणातल्या चिऱ्याच्या घरातही हॅमर नको आणि भोक सांध्यात नको. जिप्समच्या पार्टिशनवर नुसत्या बोर्डाच्या आधाराने टीव्ही लावू नका. आतल्या सांगाड्यावर नाहीतर प्लायवरच तो पेलतो.

ओल आलेली भिंत सोडून द्या. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाइप असतात, तीही शक्यतो टाळा.

आता वायरी. भिंतीतल्या वायरी बहुधा स्विचबोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडव्या जातात. म्हणून बोर्डाच्या किंवा प्लगच्या रेषेत भोक पाडू नका. वायर शोधणारं छोटं डिटेक्टर मिळालं तर भिंतीवरून फिरवा. एका खोलीचा एमसीबी पाडून निश्चिंत होऊ नका, त्याच भिंतीतून शेजारच्या खोलीची लाइनही गेलेली असू शकते. बॅटरीचं ड्रिल असेल तर मेन स्विचच बंद करा.

ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर मोजून न्या. २०० × २००, ४०० × २००, ४०० × ४०० मिमी ही नेहमीची मापं. टीव्हीला लागणारे स्क्रू माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाचेच घ्या. लांब स्क्रू आत जाऊन पॅनेलला इजा करतो, आखूड दोन आट्यांवर लटकतो. बाहेर ओढता येणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटचा मोह मात्र जपून करा. १५ किलोचा टीव्ही भिंतीपासून ४० सेंमी बाहेर ओढला आणि ब्रॅकेटच्या भिंतीला बसणाऱ्या पट्टीवरच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंमी अंतर असलं, तर वरच्या स्क्रूंवर भिंतीतून उपसून काढणारा ओढा ३० किलोचा होतो. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर ठीक, सिपोरेक्सवर मी लावणार नाही.

उंची सोफ्यावर बसून ठरवा. आमच्या पहिल्या टीव्हीच्या वेळी मी उभ्याने खूण केली आणि पुढे वर्षभर सगळं घर मान वर करून मालिका बघत होतं. बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर येतात, पडद्याचा मध्य तिथे यावा. ५५ इंची टीव्ही सुमारे ७० सेंमी उंच, म्हणजे मध्य १०५ वर धरला तर खालची कड ७० वर. इथे एक चूक हमखास होते: पाठीवरची भोकं टीव्हीच्या बरोबर मध्यावर असतातच असं नाही. खालच्या कडेपासून वरच्या भोकापर्यंतचं अंतर मोजा, ते ७० मध्ये मिळवा आणि ब्रॅकेटचा आकडा, म्हणजे हुक, भोकापासून किती वर-खाली अडकतो तेही धरा. खोक्याचा पुठ्ठा टीव्हीच्या मापाने कापून दोन दिवस भिंतीवर चिकटवून ठेवा. घरातल्या तक्रारी भोकं पडण्याआधीच येतील.

ड्रिलला वेळ बघून हात घाला, बऱ्याच सोसायट्यांत दुपारी दोन ते चार ठोकाठोक चालत नाही. चारही खुणा एकदम करू नका. एक भोक पाडा, पट्टी सैल अडकवा, वर लेव्हल ठेवून बुडबुडा मध्ये आणा आणि मगच बाकीच्या खुणा करा. आधी बारीक बिट, मग ८ मिमीचं. किती खोल जायचं तिथे बिटाला चिकटपट्टी गुंडाळा. भोकाखाली कागदाचा दुमडलेला खिसा चिकटवला की फरशीवर भुकटी सांडत नाही. गिट्टी घालण्याआधी भोकातली धूळ काढाच, धुळीत बसलेली गिट्टी पकड घेत नाही. गिट्टी भिंतीशी सपाट बसली पाहिजे आणि स्क्रू शेवटी जड गेला पाहिजे. सहज फिरला तर ते भोक बाद. त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबून वेळ मारून नेऊ नका.

पट्टी बसली की दोन्ही हातांनी धरून खाली आणि बाहेर जोरात ओढून बघा. कुरकुर झाली किंवा वर फट दिसली तर टीव्ही खोक्यातच राहू द्या.

उचलायला दोघं हवेत. कडांना धरा, पडद्यावर बोटं दाबू नका. भिंतीला चिकटून बसणारं ब्रॅकेट असेल तर एचडीएमआय आणि पॉवरची वायर आधीच लावून घ्या, नंतर हात शिरत नाही. आकडे बसल्याचा आवाज आला की खालचे लॉक लावा आणि टीव्ही हलकेच वर उचलून बघा, निघता कामा नये.

पॉवरची वायर प्लास्टरमध्ये गाडू नका. केसिंग पट्टीतून न्या, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून टीव्हीच्या मागेच प्लग काढून घ्या. आठवड्याने टॉर्च घेऊन पट्टीची वरची कड बघा. भिंत आणि पट्टीमध्ये केसभर जरी नवी फट दिसली, तरी टीव्ही त्याच दिवशी उतरवा.