शाळेचा पट टिकवायचाय? आधी जनरल रजिस्टर उघडा

एप्रिल आला की खासगी शाळांमध्ये एकच धावपळ सुरू होते. फ्लेक्स छापा, पॅम्प्लेट वाटा, रिक्षावर स्पीकर लावा आणि शिक्षिकांना भर उन्हात सोसायट्यांमध्ये फिरायला पाठवा. मी विनाअनुदानित शाळेत आधी शिक्षिका आणि मग मुख्याध्यापिका म्हणून बरीच वर्षं काढली, हे सगळं केलंय आणि स्टाफकडून करूनही घेतलंय, म्हणून कळकळीने सांगते की प्रवेशाचं काम एप्रिलमध्ये सुरू करत असाल तर सहा महिने उशीर झालेला आहे. आणि सुरुवात करायचीच तर ती गेटबाहेर करू नका, ऑफिसातल्या कपाटात करा. जनरल रजिस्टर काढा, प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंद असते ते.

क्लार्कला शेजारी बसवा, मागच्या तीन वर्षांत दाखला घेऊन गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद बघा. कारणाच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच वाक्य सापडेल, ‘पालकांच्या विनंतीवरून’. हे कारण नाही, ही ऑफिसची सवय आहे. आम्ही असं बसलो तेव्हा पानामागून पान तेच होतं, मग मी वही घेऊन एकेका पालकाला फोन करायला सुरुवात केली, आणि पहिल्याच दिवशी एक आई म्हणाली, "मॅडम, व्हॅनवाल्या काकांनी आमच्या बाजूचा रूट बंद केला, मी ऑफिसात दोनदा येऊन गेले, कुणी काही बोललंच नाही." त्या गल्लीतली आमची आणखी मुलं त्याच वर्षी गेली होती. आम्ही सगळे समजत होतो की समोर नवीन सीबीएसई शाळा निघाली म्हणून पट, म्हणजे मुलांची संख्या, घटला, आणि इथे रूटची भानगड होती!

फोन कुणी करायचा हे आधी ठरवा. क्लार्कने करू नये आणि संस्थाचालकांनी तर मुळीच करू नये. मुलाच्या जुन्या वर्गशिक्षिकेने करावा, कारण तिच्याशी पालक खरं बोलतात. प्रश्न एकच विचारायचा, शाळा बदलायचं पहिल्यांदा मनात कधी आलं? ‘का सोडली’ असं विचारलं की लोक संकोचतात, उगाच बदलीचं कारण सांगतात. ‘कधी’ विचारलं की गोष्ट बाहेर येते, वर्षात तिसऱ्यांदा टीचर बदलली तेव्हा, गॅदरिंगला मुलीला घेतलं नाही तेव्हा, फीसाठी मुलाला वर्गात उभं केलं तेव्हा.

आता हिशोब. समजा पहिलीत ४० मुलं आहेत आणि दरवर्षी फक्त ३ जातात, कुणाला काही वाटतही नाही. पण दहावीपर्यंत २७ गेलेली असतात आणि वर्गात १३ उरतात. शिक्षक तितकेच, वीजबिल तितकंच. फी वर्षाला ३० हजार धरली तर त्या एका वर्गामागे वर्षाला ८ लाख १० हजार कमी येतात. हा कागद संस्थेच्या मीटिंगमध्ये ठेवा, भाषण करायची गरज पडत नाही.

बाहेरची परिस्थितीही अवघड आहे, ती मान्य करूनच बोलू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ निघाला, म्हणजे बालवर्गात येणारी मुलंच कमी होत चाललीत. त्यात २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या, शाळांच्या कायद्यानंतर नवीन शाळांना वाट मोकळी झाली. मुंबईत तर महापालिकेनेच मुंबई पब्लिक स्कूल नावाने सीबीएसई शाळा काढल्या, फी नाही, मग मध्यमवर्गीय पालकसुद्धा तिकडे रांग लावतात. म्हणून आहे ते मूल टिकवणं हेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक काम आहे असं माझं पक्कं मत झालंय.

रजिस्टर नीट बघितलं की गळती कुठल्या सांध्यावर होते ते दिसतं. मोठा गट ते पहिली हा एक सांधा, चौथी ते पाचवी दुसरा. पण सगळ्यात दुर्लक्षित सांधा म्हणजे आठवीनंतरचा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्यात गरीब आणि वंचित घरांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांवर आलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंतच आहे. पहिलीपासून आपल्याकडे वाढलेलं मूल, नववीत अचानक पूर्ण फीचा कागद घरी जातो, आणि वडील रिक्षा चालवतात किंवा आई चार घरी स्वयंपाक करते. ते कुटुंब जूनमध्ये गुपचूप दाखला घेऊन जातं. याची बोलणी सातवीतच सुरू करा. नववी-दहावीची फी किती असेल, हप्ते कसे पाडता येतील, सवलतीसाठी संस्थेकडे किंवा माजी विद्यार्थ्यांकडे काही निधी आहे का, हे दोन वर्षं आधी सांगितलं तर निम्मी भीती जाते. सरकारकडून आरटीईच्या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती उशिरा येते ही शाळांची तक्रार खरी आहे, पण तो राग त्या मुलावर काढायचा नाही. बजेट करतानाच ती रक्कम यंदा येईल असं धरू नका, आली की राखीव निधीत टाका.

फीबद्दल कायदा पाळूनच चालायचं. महाराष्ट्रात २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे प्रस्तावित फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी ठेवायची असते. जूनची शाळा म्हणजे डिसेंबर. बऱ्याच शाळा मार्चमध्ये घाईघाईने सह्या घेतात आणि मग पालक भडकतात, त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. डिसेंबरमध्ये खर्चाचा कागद साध्या मराठीत मांडा, पगार किती, इमारत किती, वीज किती. पालकांना आकडे कळतात, लपवलेलं त्याहून लवकर कळतं. आणि प्रवेशाच्या वेळी लेकराची परीक्षा किंवा आईवडिलांची मुलाखत घेऊ नका, आरटीई कायद्याच्या कलम १३ ने ते बंद केलंय, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. गप्पा मारा, शाळा दाखवा, पण चाळणी लावू नका. फी बाकी आहे म्हणून दाखला अडवणंही तसंच, बेकायदा तर आहेच पण अडवलेल्या एका दाखल्याची गोष्ट गावभर फिरते.

नेतृत्वाचं म्हणाल तर खरं दुखणं इथेच आहे. चेअरमन कुठल्यातरी लग्नात कुणाला तरी "पाठवा मुलाला, फीचं मी बघतो" सांगून येतात, ते पालक सोमवारी ऑफिसात येतात, मुख्याध्यापिकेला काहीच माहीत नसतं, क्लार्क पूर्ण फी सांगतो, आणि पालक चिडून निघून जातात, वर संस्था आणि शाळा दोघांचीही शोभा होते. माझ्या बाबतीत हे इतक्यांदा झालं की शेवटी मी एक पानाचा कागद केला आणि सेक्रेटरींकडून मंजूर करून घेतला. सवलत किती द्यायची ते संस्था ठरवेल, कुणाला द्यायची ते मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघाचा एक सदस्य मिळून ठरवतील, आणि तोंडी दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी लेखी ऑफिसात पोचला नाही तर धरला जाणार नाही. सुरुवातीला दोघातिघांना लागलं, नाही असं नाही. पण नंतर चेअरमनच म्हणायला लागले, बाई, तुमच्या कागदामुळे माझी सुटका झाली, लोक आता मला गळ घालत नाहीत.

तसा कागद तुम्हीही करा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी संस्था आणि मुख्याध्यापक अर्धा तास बसा, समोर चारच आकडे ठेवा, आजचा पट, या महिन्यात आलेले, गेलेले, आणि दोन हप्ते थकलेले. थकलेली फी बघायची ती वसुलीच्या आधी काळजी म्हणून, कारण हप्ता चुकलेलं घर बहुतेक वेळा शाळा सोडायच्या विचारात असतं किंवा अडचणीत असतं, दोन्हीकडे फोन लवकर गेलेला बरा.

शिक्षकांना प्रवेशाचं टार्गेट देऊ नका. प्रत्येकीने पाच मुलं आणा, नाहीतर मे महिन्याचा पगार अर्धा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते अन्यायाचं आहे. वर त्याचा उपयोगही होत नाही, चांगली शिक्षिका दोन हजार जास्त मिळाले की सोडून जाते आणि तिच्यामागे मुलं जातात. पट घटतोय हे स्टाफला स्पष्ट सांगा, आकडे दाखवा. तुकडी बंद करायची वेळ आली तर जानेवारीत सांगा, म्हणजे त्या माणसाला दुसरीकडे अर्ज करता येईल. जूनमध्ये सांगणं फार वाईट, मी एकदा संस्थेच्या दबावाखाली ते केलंय आणि त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो.

मराठी माध्यमाची शाळा असेल तर एक वेगळं सांगायचंय. सेमी इंग्रजी सुरू करायचं तर गणित-विज्ञान इंग्रजीतून खरंच शिकवू शकणारी माणसं आधी तयार करा, बोर्ड नंतर रंगवा. आणि शाळेच्या पाटीवर इंटरनॅशनल लिहून काही होत नाही, त्यापेक्षा यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि मान्यता गेटवर ठळक लावा, अनधिकृत शाळांच्या बातम्या वाचून पालक घाबरलेले असतात. तिसरीतलं मूल मराठी धडा घडाघडा वाचतंय आणि इंग्रजीत चार वाक्यं न घाबरता बोलतंय, हे पालकांना शनिवारी वर्गात बसवून दाखवा. आम्ही जानेवारीतले चार शनिवार असे ठेवले होते, वर्ग सजवायचा नाही, नेहमीचा तास चालू द्यायचा, पालक मागच्या बाकावर. एवढ्याशा बाकावर अवघडून बसलेले वडील तास संपेपर्यंत उठले नाहीत आणि जाताना फॉर्म घेऊन गेले.

शेवटचं काम जूनअखेरचं. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले की प्रत्येक नवीन मुलाच्या घरी वर्गशिक्षिकेचा फोन गेला पाहिजे, पाच मिनिटं. घरी आल्यावर शाळेबद्दल काय सांगतो एवढंच विचारायचं आणि उत्तर वहीत त्याच्याच शब्दांत लिहायचं. अशाच एका फोनवर एक आजी म्हणाल्या की नात घरी आल्या आल्या बाथरूमकडे धावते, दिवसभर शाळेत जातच नाही. आम्ही जाऊन बघितलं तर छोट्या गटाच्या टॉयलेटची कडी इतकी वर होती की मुलांचा हात पोचत नव्हता, आणि दार उघडं ठेवायची त्यांना लाज वाटत होती. सुतार त्याच दुपारी बोलावला.