प्लास्टिकची कुंडी सजवताना : रंगकामापासून विसर्जनापर्यंत

प्लास्टिकच्या कुंडीकडे बहुतेक घरांत तडजोड म्हणून पाहिले जाते. मातीची कुंडी देखणी, पण जड आणि फुटणारी; म्हणून बाल्कनीसाठी प्लास्टिकची आणली जाते आणि दुकानातून आली तशीच वर्षानुवर्षे राहते. सजावटीच्या दृष्टीने मात्र प्लास्टिकमध्ये एक गुण आहे, जो मातीत नाही. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून ओल सतत बाहेर झिरपते आणि त्यामुळे बाहेरून दिलेला रंग फुगून त्याचे पोपडे निघतात. प्लास्टिकमधून ओल बाहेर येत नाही, त्यामुळे एकदा नीट बसलेला रंग आतल्या पाण्याने उखडत नाही. अडचण एवढीच, की त्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो मुळात बसतच नाही. सगळी मेहनत तिथे घ्यायची आहे.

आधी जागा ठरवा

कुंडी कुठे राहणार, यावर सजावट अवलंबून असते. पाघोळ्यांखाली किंवा ग्रीलबाहेर राहणाऱ्या कुंडीला सुतळी, कापड किंवा कागद लावण्यात अर्थ नाही. कोकणातल्या पावसात सुतळीवर बुरशी धरते आणि पांढरा डिंक पाण्याने सुटतो. अशा कुंडीसाठी फक्त रंग वापरावा. सुतळी गुंडाळलेल्या कुंड्या दिवाणखान्यात किंवा छपराखालच्या ओसरीवर शोभतात. दुपारचे ऊन थेट येत असेल, तर काळा किंवा गडद रंग टाळावा, कारण तो उष्णता शोषून घेतो आणि मे महिन्यात कुंडीच्या कडेची मुळे अक्षरशः भाजून निघतात.

कुंडी निवडताना तळाशी असलेला त्रिकोण पाहावा. बहुतेक कुंड्यांवर त्यात 5 किंवा 2 हा आकडा असतो, म्हणजे त्या अनुक्रमे पॉलिप्रॉपिलीन किंवा हाय-डेन्सिटी पॉलिथिलीनच्या असतात, आणि रंग न धरण्याबद्दल ही दोन्ही प्लास्टिके प्रसिद्ध आहेत.

रंग टिकण्यासाठीची तयारी

रंगकाम नेहमी रिकाम्या कुंडीवर करावे. प्रथम भांड्यांच्या साबणाने कुंडी आतून-बाहेरून धुवून पूर्ण वाळवावी, कारण नव्या कुंडीवरही साच्यातला तेलकट अंश राहिलेला असतो. त्यानंतर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने बाहेरची बाजू घासावी. चकाकी जाऊन पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद दिसू लागला, की घासणे पुरे झाले असे समजावे. काठाच्या वळणाखाली हात पोहोचत नाही आणि रंग सर्वात आधी तिथेच सुटतो, म्हणून तो भाग चुकवू नये. धूळ ओल्या कापडाने पुसून कुंडी पुन्हा वाळू द्यावी.

आता प्लास्टिक प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, एक पातळ हात द्यावा. हा प्रायमर गाड्यांच्या बंपरसाठी वापरतात आणि वाहनांचे रंग विकणाऱ्या दुकानात मिळतो. भिंतीचा प्रायमर इथे चालत नाही. फवाऱ्याचा डबा असेल, तर काम मोकळ्या हवेत, नाकातोंडाला फडके बांधून करावे. डब्यावर लिहिलेल्या वेळेनुसार प्रायमर वाळला, की ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिल्यास ओघळ येतात आणि वरची साय वाळूनही आतला रंग कच्चा राहतो. कुंडीच्या आतल्या बाजूस काठापासून दोन बोटे खालपर्यंत रंग न्यावा, म्हणजे माती थोडी खाली बसली तरी मूळ प्लास्टिक डोकावत नाही. तळ तसाच ठेवावा.

मातीच्या कुंडीसारखा खरबरीत पोत हवा असेल, तर गेरूच्या छटेच्या ॲक्रिलिक रंगात थोडा खाण्याचा सोडा मिसळून, रंग घट्टसर झाल्यावर तो ब्रश आपटत लावावा. काही अंतरावरून ही कुंडी प्लास्टिकची आहे हे ओळखणे अवघड जाते.

गेरूवर वारली

अशा गेरूच्या कुंडीवर वारली चित्रांइतके काही खुलत नाही. पालघर, ठाणे, नाशिक भागांतील ही कला. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर पोहोचलेली. म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. कुंडीवर पीठ टिकणार नाही, तिथे पांढरा ॲक्रिलिक रंग घ्यावा. ब्रशऐवजी टोक ठेचलेली बांबूची काडी घेतल्यास रेषेला मूळची थरथर येते. मार्कर पेनाची रेषा फारच सरळसोट दिसते.

माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, डोके म्हणजे गोल, हातपाय साध्या रेषांचे. गोल कुंडीवर काठाला समांतर चालणारी मिरवणूक, डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया किंवा शेतावर निघालेली माणसे घ्यावीत. तारपा नृत्याचे, म्हणजे तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती धरलेल्या फेराचे, वेटोळे गोल कुंडीवर अर्धेच दिसते. ते चौकोनी कुंडीच्या सपाट बाजूसाठी राखून ठेवावे.

इथे एक बारकावा सांगायला हवा. कुंडी खाली निमुळती असते, त्यामुळे तिच्याभोवती चिकटपट्टी लावून सरळ रेघ आखायला गेल्यास पट्टी तिरकी होत जाते. त्याऐवजी पुस्तकांची चळत रचून तिच्यावर पेन्सिल आडवी धरावी, टोक कुंडीला टेकवावे आणि कुंडी जागच्या जागी फिरवावी. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. चित्र वाळल्यावर बाहेरच्या उन्हापावसाला चालणाऱ्या वॉर्निशचे दोन हात द्यावेत.

रंगकाम झाल्यावर आठवडाभर थांबून मगच माती भरावी. या सगळ्याचा कंटाळा असेल, तर रोपवाटिकेतली काळी कुंडी तशीच बांबूच्या टोपलीत किंवा माळ्यावर पडलेल्या तांब्याच्या घंगाळात ठेवावी. माझ्या मते हा सर्वांत देखणा आणि सर्वांत कमी कष्टाचा उपाय आहे. आत ताटली ठेवावी आणि साचलेले पाणी दर आठवड्याला न चुकता ओतून द्यावे, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

झाडाखेरीज आणि झाडासह

14, 10 आणि 8 इंची कुंड्या एकावर एक रचून छोटा मनोरा होतो. सर्वांत खालच्या कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि माती यांचे मिश्रण भरून मधोमध दुसरी अर्धी पुरावी, तसेच तिसरीचे करावे. वर पुदिना, मध्ये ओवा, खालच्या कडेने कोथिंबीर, अशी मांडणी स्वयंपाकघराला लागून असेल तर रोज उपयोगी पडते. वजनाचा विचार मात्र आधी करावा: एकट्या 12 इंची कुंडीत साधारण 12 ते 15 लिटर माती मावते आणि ती ओली असताना 20 किलोच्या आसपास भरते. मनोरा ग्रीलवर ठेवू नये, जमिनीवरच भिंतीला लागून असावा.

दिवाळीत कुंड्यांभोवती एलईडी माळा गुंडाळता येतात. पणती प्लास्टिकच्या काठावर किंवा अगदी शेजारी ठेवू नये, काठ वितळतो.

गणेशोत्सवासाठी एक मोठी, तळाला भोके न पाडलेली कुंडी राखून ठेवावी. बऱ्याच कुंड्यांच्या तळाशी भोकांच्या जागी पातळ पडदेच असतात, ते विसर्जनापूर्वी फोडू नयेत. मूर्ती पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात शाडूची मूर्ती काही तासांत विरघळू लागते. प्लास्टर ऑफ पॅरिसची तशी विरघळत नाही, म्हणून खरेदीच्या वेळीच खात्री करून घ्यावी. गाळ तळाशी बसला, की वरचे पाणी हलक्या हाताने काढून झाडांना घालावे आणि मग तळाला पाच-सहा भोके पाडावीत. शाडू चिकट असते, पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. त्यामुळे ती एकटी न वापरता तिच्या चार-पाच पट कोकोपीट आणि शेणखतात मिसळावी. या मिश्रणात झेंडूची रोपे चांगली येतात.