संमतिवयाच्या वादावर निबंध लिहिताना

इतिहासाच्या वर्गात १८९१च्या संमतिवय कायद्यावर, म्हणजे मुलींच्या शरीरसंबंधाला संमतीचे किमान वय वाढवणाऱ्या कायद्यावर, हजार शब्दांचा निबंध सांगितला, की बहुतेक जण गाईड उघडतात. आगरकर बाजूने, टिळक विरोधात, शेवटी दोघेही थोर, असा निबंध तयार होतो आणि त्यात लिहिणाऱ्याचा स्वतःचा एकही विचार नसतो. त्याऐवजी मूळ लेख वाचा.

टिळकांच्या 'केसरी' किंवा आगरकरांच्या 'सुधारक' या वृत्तपत्रातल्या एका लेखाची झेरॉक्स काढा. ग्रंथालयाच्या प्रतीवर खुणा नकोत. पहिल्या वाचनात काहीही अधोरेखित करू नका. तेव्हा सगळेच महत्त्वाचे वाटते, पान रेघांनी भरते आणि नंतर त्यातून काही वेचता येत नाही. दुसऱ्या वाचनात समासात चार-पाच शब्द लिहा, तो परिच्छेद लेखात कोणते काम करतो ते: 'शास्त्राचा आधार', 'सरकारच्या अधिकारावर शंका', 'प्रतिपक्षाला उत्तर'. शब्द सुचत नसतील तर परिच्छेद समजलेला नाही; पुन्हा वाचा. मग लेख मिटून त्याचा युक्तिवाद तीन वाक्यांत लिहा. वहीत लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत पान क्रमांकासह, तुमचे मत वेगळ्या शाईत. ही सरमिसळ झाली की नकळत उचलेगिरी होते.

समासातल्या नोंदी एकाखाली एक मांडा. प्रश्न तिथेच सापडतो. कायद्याने संमतीचे वय १० वरून १२ केले. परक्या सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, हा टिळकांचा आक्षेप. मग गर्भाधानाचा, म्हणजे मुलीला पहिला ऋतू आल्यावर करायच्या संस्काराचा, शास्त्रार्थही त्यांनी का केला? खरा जोर कशावर होता? तुमचे उत्तर एका वाक्यात लिहा. त्यावर कोणी 'मला हे पटत नाही' म्हणूच शकत नसेल, तर त्यावर निबंध उभा राहणार नाही. 'हा वाद फार महत्त्वाचा होता' हे तसलेच वाक्य.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. एका परिच्छेदात एक मुद्दा, त्याला एक पुरावा, आणि पुराव्याहून लांब तुमचे विवेचन. तुमच्या विधानाला छेद देणारा उतारा सापडला तर तो आवर्जून घ्या; निबंधाचा सर्वांत कसदार परिच्छेद बहुधा त्यातूनच निघतो. कच्चा खर्डा झाला की प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य सलग वाचा. युक्तिवाद जिथे तुटेल, तिथे क्रम बदला किंवा राहिलेला दुवा लिहा. शुद्धलेखन त्यानंतर तपासा.