मेंदूच्या आरोग्यासाठी फळे: ही सवय घरात कशी रुजवावी

स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ म्हातारपणीचा विसराळूपणा नव्हे. तो मेंदूचा आजार आहे आणि त्यातील बिघाडाची सुरुवात लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी झालेली असते. म्हणूनच फळांची सवय आईवडिलांचे विसरणे वाढल्यावर त्यांना लावण्यापेक्षा, आपण चाळिशी-पन्नाशीत असतानाच साऱ्या घराला लावणे अधिक शहाणपणाचे आहे.

सर्वप्रथम अपेक्षा नेमकी ठरवावी. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या सुमारे १६,००० स्त्रियांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेण्यात आल्या. स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी अधिक खाणाऱ्यांमध्ये स्मरणशक्तीची घसरण अडीच वर्षांपर्यंत मागे पडल्याचे २०१२ साली नोंदवले गेले. मात्र अशा निरीक्षणातून फळांमुळेच फायदा झाला, असे सिद्ध होत नाही, कारण फळे खाणारी माणसे बहुधा चालतातही अधिक आणि तब्येतीची काळजीही अधिक घेतात. बेरी, पालेभाज्या व सुकामेवा यांवर भर देणाऱ्या ‘माइंड’ आहाराची ६०४ जणांवर तीन वर्षे चाचणी झाली, तेव्हा (२०२३) तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक आढळला नाही. तीन वर्षांचा काळ अशा आजारासाठी अपुरा असावा, असे मला वाटते. तरीही फळांना औषध समजू नये आणि घरातल्या कोणालाही तसे सांगू नये.

यानंतर फळे रंग पाहून निवडावीत. बेरींचा गडद लाल-जांभळा रंग ज्या अँथोसायनिन द्रव्यांमुळे येतो, तीच द्रव्ये जांभूळ, करवंद, तुती, काळी द्राक्षे आणि डाळिंब यांतही असतात, त्यामुळे महागडी ब्लूबेरी शोधत हिंडण्याची गरज नाही. ही द्रव्ये रक्तवाहिन्या निरोगी ठेवण्यास आणि दाह कमी करण्यास हातभार लावतात, असे मानले जाते. आणि मेंदूचा सारा रक्तपुरवठा ज्या बारीक वाहिन्यांतून होतो, त्यांची निगा हाच या विषयाचा गाभा आहे. जांभळावर मात्र अमेरिकेतील बेरींइतके अभ्यास झालेले नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

फळे ऋतूप्रमाणे घ्यावीत, म्हणजे खर्चही आटोक्यात राहतो. थंडीत पेरू, आवळा, बोरे आणि महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, उन्हाळ्याच्या तोंडावर द्राक्षे, वैशाखात करवंदे आणि पावसाच्या सुरुवातीला जांभळे असा क्रम आपोआप लागतो. आवळ्याचा मोरावळा चविष्ट असला तरी त्यात साखर फार असते. त्यापेक्षा कच्चा आवळा किसून कोशिंबिरीत किंवा चटणीत घालावा.

फळ शक्यतो चावून खावे. सिएटलच्या परिसरातील जपानी वंशाच्या १,८३६ ज्येष्ठांच्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा किंवा अधिक वेळा फळांचा वा भाज्यांचा रस पिणाऱ्यांमध्ये अल्झायमरचे (स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे) प्रमाण बरेच कमी आढळले होते (२००६), त्यामुळे हा सल्ला काहींना विसंगत वाटेल. परंतु रस गाळताना तंतू निघून जातात आणि साखर झपाट्याने रक्तात उतरते. मधुमेह हा स्वतःच स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक असल्याने, रोज पेलाभर रस पिण्याची सवय मी कोणाला सुचवणार नाही.

वेळ ठरवून घेतली की सवय टिकते. दुपारच्या चहाबरोबरची बिस्किटे किंवा फरसाण बाजूला ठेवून त्या जागी एक पेरू अथवा वाटीभर डाळिंबाचे दाणे खावेत. फळ आधीच्या खाण्यात भर म्हणून न येता गोड-तळलेल्या पदार्थाच्या जागी आले, तरच हिशेब जमतो. फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण ध्यानात ठेवावे.

मधुमेह असल्यास आंबा, चिकू, केळे यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कमरख (स्टारफ्रूट) मुळीच खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य शरीराबाहेर न टाकले गेल्याने उचक्या, भ्रम, आकडी आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ग्रेपफ्रूट (द्राक्ष नव्हे, पपनसासारखे आंबट-कडवट फळ) खाण्यापूर्वी आपल्या गोळ्यांशी ते जुळते का, हे तपासून घ्यावे, कारण कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी ते जुळत नाही.

घरात आधीच स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर फळ साल-बिया काढून, मऊ आणि लहान फोडी करून, त्यांच्या नजरेसमोर ठेवावे, कारण फ्रीजमधले फळ त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते. खाताना त्यांना ताठ बसवावे आणि आपण शेजारी बसून त्याच ताटलीतली एक फोड उचलावी. आपल्याला खाताना पाहून पुष्कळदा त्यांचाही हात पुढे येतो. नको म्हणाल्यास आग्रह न करता थोड्या वेळाने पुन्हा विचारावे.